आपली प्राथमिक शाळा आणि योबेलाचें वर्ष

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंत शाळेच्या एका निवृत्त शिक्षिकेनें केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाचा सुवर्णमहोत्सव येत्या वर्षीं साजरा व्हावयाचा आहे. त्या निमित्तानें शाळेविषयीं चार शब्द बोलावे, अशी फादरांनीं मला आज्ञा केली. मी विदुषी नव्हें, वक्तीहि नव्हें. तीस वर्षांहून अधिक काळ मीं पहिलीच्या वर्गाला शिकविलें, एवढीच काय ती माझी योग्यता. पहिलीच्या शिक्षिकेस मोठमोठ्या शब्दांची संवय नसते. तेव्हां माझें बोलणें कोणास फार साधें वाटलें, तर तो दोष पहिलीच्या वर्गाचा समजावा आणि मला क्षमा करावी.

आपल्या आवारांत दोन घंटा आहेत. एक ख्रिस्तमंदिराची आणि एक शाळेची. पहिली मोठी आहे, तिचा नाद वाडीवाडींतून ऐकूं जातो. दुसरी लहान, व्हरांड्याच्या तुळईस टांगलेली. तिचा आवाज कुंपणाबाहेर फारसा जात नाहीं. परंतु माझ्या समजुतीप्रमाणें धर्मग्रामाचे हे दोन्ही कान व दोन्ही डोळे आहेत. मोठी घंटा मोठ्या माणसांना देवाची आठवण करून देते, आणि लहान घंटा मोठ्या माणसांना मुलांची आठवण करून देते. यांपैकीं एक थांबली, तर दुसरीहि फार दिवस वाजत राहील असें मला वाटत नाहीं.

महोत्सव म्हटला म्हणजे मंडप, तोरणें, वाजंत्री आणि जेवणाच्या पंक्ति आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. त्या असाव्यात. परंतु ज्यूबिली हा शब्द ज्या मुळापासून आला, तेथें त्याचा अर्थ निराळा आहे. जुन्या करारांतील लेवीय या ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत योबेलाच्या वर्षाचा नियम सांगितलेला आहे. सात वर्षें सात वेळां गेलीं म्हणजे ४९ वर्षें होतात. त्यापुढचें ५० वें वर्ष पवित्र मानावें, शिंग फुंकून तें देशभर जाहीर करावें, आणि त्या वर्षीं ज्याची वडिलोपार्जित जमीन हातची गेली असेल ती त्याला परत मिळावी. दारिद्र्यामुळें जो दुसऱ्याच्या चाकरींत अडकला असेल तो मोकळा होऊन आपल्या घरीं जावा. म्हणजे योबेल हा मिरविण्याचा सण नव्हे, ज्याचें त्याला परत करण्याचा सण आहे. हें वाचल्यावर माझ्या मनांत प्रश्न आला कीं, आपल्या शाळेकडे कोणाचें काय राहून गेलें आहे? या वर्षीं कोणास काय परत द्यावयाचें आहे? आजचें माझें सर्व बोलणें या एका प्रश्नाभोंवतीं आहे.

प्रथम थोडें मागें वळून पाहूं. सन १५९७ मध्यें रोम शहराच्या त्रास्तेवेरे या वस्तींत संत दोरोथेयाच्या धर्मग्रामांत योसेफ कालासान्झ या स्पॅनिश धर्मगुरूनें एक शाळा उघडली. त्या वस्तींत गरिबांचीं मुलें रस्त्यांतून भटकत असत. फी देण्याची ऐपत नाहीं म्हणून त्यांना कोणी शिकवीत नसे. धर्मग्रामानें मंदिराला लागून असलेल्या खोल्या दिल्या, आणि पैसा न घेतां लिहिणें, वाचणें, हिशेब व धर्मशिक्षण त्यांत सुरू झालें. सामान्य जनांसाठीं उघडलेली युरोपांतील पहिली मोफत शाळा म्हणून तिचें नांव घेतलें जातें. एवढी मोठी गोष्ट, पण तिचा आरंभ राजवाड्यांत झाला नाहीं, विद्यापीठांत झाला नाहीं. एका धर्मग्रामाच्या खोल्यांत झाला. पुढें १९४८ मध्यें पोप बारावे पायस यांनीं या संताला सामान्य जनांच्या ख्रिस्ती शाळांचा आश्रयदाता म्हणून घोषित केलें. धर्मग्रामाची शाळा ही त्यांचीच मुलगी आहे, हें आपण ध्यानांत ठेवावें.

त्याच १५९७ सालीं, फेब्रुवारीच्या ५ तारखेस, दूर जपानांत नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर देण्यांत आलें. त्यांत आपल्या वसईचा सुपुत्र गोन्सालो गार्सिया होता. तो धर्मगुरु नव्हता. फ्रान्सिस संघाचा साधा बंधु होता. परंतु तेथील लोकांची भाषा त्याला उत्तम येत असे, म्हणून मोठमोठे धर्मगुरु त्याच्या तोंडून बोलत. १८६२ मध्यें तो संतपदास पोंचला. वसईच्या मुलाला देवानें जें साधन दिलें तें तलवार नव्हे, धन नव्हे. समोरच्या माणसाशीं त्याच्या भाषेंत बोलण्याची कला.

भाषेचा हा धडा आपल्या परंपरेंत पुनःपुन्हां आलेला आहे. फ्रान्समध्यें संत योहान बाप्तिस्त दे ला साल यांनीं सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत गरिबांच्या शाळा काढल्या, तेव्हां मुलांना प्रथम लॅटिन वाचावयास शिकविण्याची रूढि होती. त्यांनीं ती मोडली आणि मूल जी भाषा बोलतें तीच त्याला आधीं वाचावयास शिकवावी, असें ठरविलें. आणि आपल्या मराठीचें काय सांगावें! इंग्लंडांत जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्यें गोव्यास आले, येथील भाषा शिकले आणि १६१६ मध्यें राचोल येथें त्यांचें ख्रिस्तपुराण ओवीबद्ध मराठींत छापून निघालें. परका मनुष्य आपली भाषा शिकून तिच्यांत पुराण रचतो. आणि आपल्याच काळांत, आपल्याच तालुक्यांतील नंदाखाल गांवीं जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद येथें भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होतात. जुलै २०२४ मध्यें ते देवाघरीं गेले. गांवांतल्या मराठी शाळेंत बाराखडी गिरविणाऱ्या मुलास केवढी दूरची वाट मोकळी असते, हें दाखवावयास याहून दुसरा दाखला नको.

आतां आपल्या शाळेंतला एक दिवस आठवा. सकाळीं दप्तरें पाठीवर टाकून मुलें येतात. कोणाच्या घरीं सामवेदी बोलतात, कोणाच्या घरीं वाडवळी. किनाऱ्याकडील मुलांच्या तोंडीं कोळी बोली असते, तर डोंगरपायथ्याच्या पाड्यांवरून आलेल्यांच्या तोंडीं वारली. अलीकडे इमारतींच्या कामावर आलेल्या कुटुंबांचीं हिंदी व भोजपुरी बोलणारीं मुलेंहि आपल्या बाकांवर बसतात. त्यांत कोणी ख्रिस्ती, कोणी हिंदु, कोणी मुसलमान. राष्ट्रगीत सर्वांचें एक, प्रतिज्ञा एक आणि दुपारची पंगतहि एक. शाळेंत मुलांना दुपारचें अन्न देण्याची योजना देशांत १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सुरू झाली; पुढें खिचडीच्या वासानें किती मुलांची हजेरी टिकली, हें हजेरीपट लिहिणाऱ्या आम्हां शिक्षिकांना ठाऊक आहे. ताट घेण्यापूर्वीं हात धुण्याची जी रांग लागते, तिच्यांत बागाइतदाराचा मुलगा व मजुराचा मुलगा एकामागें एक उभे राहतात. माझ्या मतें नागरिकशास्त्राचा पहिला धडा तोच.

पहिलीच्या वर्गांत मीं एक गोष्ट शेंकडों वेळां पाहिली. मी पुस्तकी मराठींत कांहीं सांगावें, एखाद्या मुलीला तें कळूं नये, आणि तिच्या शेजारणीनें मान खालीं घालून हळूच तिच्या बोलींत तें समजावून सांगावें. प्रारंभीं मी "बोलूं नका" म्हणून दटावीत असें. पुढें मला उमगलें कीं, त्या क्षणीं वर्गांत दोन शिक्षिका असतात आणि दुसरी माझ्याहून बरी असते. घरची बोली, मग पुस्तकांतली मराठी, मग इंग्रजी, अशा या पायऱ्या आहेत. एक पायरी गाळून उडी मारणारीं कांहीं मुलें वर पोंचतात, नाहीं असें नाहीं. पण जीं पडतात तीं कुठें पडलीं, हें पाहावयास कोणी थांबत नाहीं.

येथें मला कटु परंतु खरें बोलावयाचें आहे. आपली पहिली इयत्ता ओसरत चालली आहे. एके काळीं ज्या खोलींत बसावयास जागा पुरत नसे, तेथें आज बाक रिकामे दिसतात. सकाळीं पिंवळ्या गाड्या आपल्या फाटकावरून जातात आणि त्यांत आपल्याच धर्मग्रामाचीं मुलें बसलेलीं असतात. मी कोणास दोष देत नाहीं. माझ्या स्वतःच्या घरांत जेव्हां नातवाच्या शाळेचा प्रश्न निघाला, तेव्हां मुलानें व सुनेनें इंग्रजी माध्यमाची शाळा निवडली, आणि जन्मभर मराठी शिकविलेली मी गप्प राहिलें. आपल्या मुलाला पुढें नोकरी मिळावी, चारचौघांत बोलतांना त्यानें खालीं पाहूं नये, ही आईबापांची इच्छा पाप नव्हे. इंग्रजी हवीच. सन २००० पासून महाराष्ट्रांतील मराठी शाळांतहि ती पहिलीपासून शिकविली जाते. ती चांगली शिकविली जावी असा आग्रह पालकांनीं आमच्यापाशीं अवश्य धरावा. आम्हीं तो पुरवावा, हें आमचें कर्तव्य.

परंतु मुलें कमी झालीं म्हणजे काय होतें, तेंहि पालकांनीं जाणून घ्यावें. १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचींत शिक्षकांचें प्रमाण ठरविलेलें आहे. पहिली ते पांचवीच्या शाळेंत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. ६१ ते ९० मुलांपर्यंत तीन. म्हणजे मुलें जसजशीं कमी होतात, तसतशीं शिक्षकांचीं पदें कमी होतात. मग एका शिक्षिकेपुढें दोन दोन, तीन तीन इयत्ता बसतात. तें पाहून आणखी पालक मुलें काढून नेतात, आणि पुन्हां पद कमी होतें. विहिरीचें पाणी आटूं लागलें म्हणजे उपसा थांबवितां येतो. येथें पाणी आटतें म्हणून उपसा वाढतो. अखेर जीं मुलें राहतात, तीं ज्यांना दुसरी शाळा परवडत नाहीं अशांचीं. ज्यांच्यासाठीं १५९७ मध्यें ती पहिली शाळा निघाली, नेमकीं तींच. त्यांच्या शाळेचें दार मिटलें, तर आपल्या महोत्सवाची कमान कितीहि उंच बांधली तरी तिच्याखालून जाणार कोण?

आतां ज्या गोष्टीसाठीं मी आज उभी राहिलें, ती सांगतें. ती सांगावयास मला बरींच वर्षें लागलीं.

पुष्कळ वर्षांमागें नाताळच्या स्नेहसंमेलनांत मीं ख्रिस्तजन्माचें नाटक बसविलें होतें. माझ्या वर्गांत एक मुलगा होता. बुद्धीनें चांगला, स्वभावानें गरीब; पण बोलतांना त्याची जीभ अडखळत असे. त्यानें मेंढपाळाचें काम मागून घेतलें. बेथलेहेमला जाऊं या, अशा अर्थाचें एकच वाक्य त्याला होतें. तालमींत कधीं तें नीट येई, कधीं पहिल्या अक्षरावरच अडे. संमेलनास दोन दिवस उरले असतां माझा धीर सुटला. पाहुणे यावयाचे होते. शाळेची शोभा होऊं नये, असें मला वाटलें. मीं त्याचें वाक्य दुसऱ्या मुलाला दिलें आणि त्याच्या हातांत पडद्याची दोरी दिली. तो कांहीं बोलला नाहीं. संमेलनाच्या रात्रीं त्यानें पडदा बरोबर वेळेवर ओढला.

त्याची आई रोज पहाटेच्या गाडीनें फुलांची टोपली घेऊन दादरला जात असे. त्या दिवशीं तिनें खाडा केला होता आणि संध्याकाळीं ती पहिल्या रांगेंत येऊन बसली होती. नाटक संपल्यावर ती मजपाशीं आली व म्हणाली, "बाई, माझा पोरगा कुठें होता?" मीं हंसून म्हटलें, "पडद्याची दोरी त्याच्याच हातांत होती. त्याच्यावांचून नाटकच झालें नसतें." हें उत्तर मला त्या वेळीं मोठें समर्पक वाटलें. ती थोडा वेळ उभी राहिली आणि मग म्हणाली, "महिनाभर तो तें वाक्य भिंतीशीं बोलत होता." एवढें बोलून ती निघून गेली.

वर्षें लोटली. निवृत्त होण्याच्या सुमारास पटसंख्येसाठीं आम्ही शिक्षिका घरोघर फिरूं लागलों. फिरतां फिरतां मी त्याच मुलाच्या दारीं गेलें. तो आतां संसारी गृहस्थ झाला आहे. त्याची मुलगी तेव्हां सहा वर्षांची होणार होती. त्यानें मला खुर्ची दिली, पाणी दिलें, चहा केला. मीं मातृभाषेचें महत्त्व सांगितलें, शाळेचा निकाल सांगितला, फी नाहीं हेंहि सांगितलें. त्यानें सगळें शांतपणें ऐकून घेतलें. मग थांबत थांबत म्हणाला, "बाई, वाईट वाटून घेऊं नका. मराठीबद्दल माझें कांहीं म्हणणें नाहीं. पण माझ्या मुलीच्या हातांत दोरी नको."

माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. चहा पिऊन मी घरीं आलें.

पालकहो, शाळा कां ओसरते याचीं कारणें आपण सरकारांत शोधतों, काळांत शोधतों, इंग्रजींत शोधतों. तीं कारणें खोटीं नाहींत. परंतु एखादें कारण आपल्याच पडद्याच्या दोरीलाहि बांधलेलें असतें. धर्मग्रामाची शाळा म्हणून आपण दार सर्वांना उघडें ठेवलें, आणि मग आंत घेऊन मुलांची निवड करीत बसलों. जो चांगला बोलतो त्याला भाषण, जी गोरी आहे तिला मरियेचें काम, ज्याचे कपडे नवे त्याला पाहुण्यांच्या हातीं पुष्पगुच्छ देण्याचा मान. बाकीच्यांनीं टाळ्या वाजवाव्या. मुलें हें विसरत नाहींत. तीं मोठीं होतात, आईबाप होतात, आणि आपलें मत पायांनीं देतात.

आतां येत्या वर्षाच्या कार्यक्रमांविषयीं. महोत्सव समितीनें व शिक्षकांनीं मिळून जो क्रम योजिला आहे, तो मी थोडक्यांत सांगतें. त्यांत माझीहि कांहीं सूचना आहे. सर्वांस एकच कसोटी लावलेली आहे: या दिवशीं कोणाचें काय परत मिळेल?

जून महिन्यांत शाळा उघडेल. त्या दिवशीं पहिलींत येणाऱ्या प्रत्येक बालकाचा हात चौथींतील एका मुलानें किंवा मुलीनें धरावा आणि वर्षभर त्याचा दादा किंवा ताई व्हावें. रडणाऱ्या मुलाला गप्प करण्याची जी विद्या नऊ वर्षांच्या ताईला येते, ती आम्हांस प्रशिक्षणांत शिकवीत नाहींत.

ऑगस्टच्या १५ तारखेस स्वातंत्र्यदिन आणि पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण एकत्र येतात. त्या दिवशीं ध्वज कोणीं फडकवावा? दरवर्षीं आपण मोठा पाहुणा शोधतों. या वर्षीं, मुलांसाठीं रोज चुलीपुढें उभ्या राहून जेवण शिजविणाऱ्या ताईंनीं तो फडकवावा, असें ठरलें आहे. मुलांनीं पाहावें कीं, ही दोरी मानाची आहे.

सप्टेंबरच्या ८ तारखेला मरियामातेच्या जन्मोत्सवास मुलें फुलें आणतील. ज्यांच्या दारीं वाडी आहे त्यांनीं दोन फुलें अधिक आणावीं, म्हणजे चाळींतून व खोल्यांतून येणाऱ्या मुलांचे हात रिकामे राहणार नाहींत. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना; त्या महिन्यांत तिसरी-चौथीचीं मुलें अंथरुणास खिळलेल्या वृद्धांच्या घरीं जातील. नोव्हेंबरच्या २ तारखेस मृतांच्या स्मरणदिनीं शाळेच्या दिवंगत शिक्षकांच्या थडग्यांवरील गवत माजी विद्यार्थ्यांनीं काढावें. ज्यांनीं आपल्या हाताला अक्षर दिलें, त्यांचीं नांवें दगडावर तरी वाचतां यावींत.

फेब्रुवारीच्या ६ तारखेस नागासाकीच्या हुतात्म्यांचा स्मरणदिन असतो. त्या दिवशीं संत गोन्सालोचें स्मरण करून मुलांनीं पायीं वसईच्या किल्ल्यास जावें. तेथें त्यांना शिक्षकांनीं इतिहास सांगावा आणि तो सबंध सांगावा. १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं ती जिंकली, एवढ्यावर थांबूं नये. त्या विजयानंतर वसई भागांतील मंदिरांच्या घंटा मराठ्यांनीं नेल्या. भीमाशंकरास आणि वाईजवळच्या मेणवलीस अशा घंटा आजहि टांगलेल्या आहेत. धातु तोच, नाद तोच, आणि ऐकणाऱ्यास तो देवाचीच आठवण देतो. आपल्या वर्गांत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें मांडीला मांडी लावून बसतात. त्यांना ही गोष्ट आपल्याहून लवकर कळेल.

त्याच महिन्याच्या २७ तारखेस, कवि कुसुमाग्रजांच्या जन्मदिनीं, मराठी भाषा गौरव दिन असतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आनंद आहेच. परंतु आपल्या शाळेंत हा दिवस बोलींचा दिवस म्हणून पाळावा. सामवेदी, वाडवळी, कोळी, वारली, भोजपुरी, जिच्या घरीं जी बोली असेल ती बोलणाऱ्या आज्यांनीं त्या दिवशीं वर्गांत येऊन एकेक गोष्ट सांगावी. आजवर आम्हीं "नीट बोला" म्हणून ज्या बोली मुलांच्या तोंडून काढून घेतल्या, त्या परत देण्याचा हा दिवस आहे.

मधला डिसेंबर मीं मुद्दाम शेवटीं ठेवला. महोत्सवी स्नेहसंमेलन नाताळापूर्वीं होईल. त्यास तीन नियम घातलेले आहेत. पहिला नियम: शाळेचें प्रत्येक मूल रंगमंचावर येईल आणि प्रत्येकाच्या तोंडीं निदान एक वाक्य असेल. दुसरा नियम: पोषाख भाड्यानें आणावयाचे नाहींत, घरांतील लुगडीं, धोतरें, चादरी यांतून राजे आणि मेंढपाळ सजवावयाचे. तिसरा नियम आपणां प्रेक्षकांसाठीं आहे आणि तोच सर्वांत कठीण. एखादें मूल अडखळलें, तर कोणीं हंसूं नये, कोणीं खालून वाक्य सांगूं नये, कोणीं घड्याळ पाहूं नये. तें वाक्य पुरें होईपर्यंत सर्वांनीं थांबावें. या नियमांनीं कार्यक्रम लांबेल. पाहुण्यांचीं भाषणें तेवढीं आंखूड करूं.

मजकडून आपणांस मागणें फार नाहीं. महोत्सवाच्या वर्गणीसाठीं दुसरे कोणी येतीलच. मी वेळ मागतें. जे माजी विद्यार्थी इंग्रजी चांगली जाणतात, त्यांनीं आठवड्यांतून एक तास येऊन मुलांशीं इंग्रजींत बोलावें, म्हणजे पालकांच्या मनांतील भीति कमी होईल. ज्यांना गवंडीकाम, सुतारकाम, रंगकाम येतें, त्यांनीं मे महिन्यांत एक दिवस द्यावा. शिक्षकांना मी वडीलकीच्या नात्यानें सांगतें कीं, पटसंख्या वाढविण्यासाठीं दारोदार जातांना आपल्या जुन्या चुकांच्या दारींहि जा. तेथें चहा मिळतो आणि खरें उत्तरहि मिळतें. आणि ज्या आईबापांनीं अद्याप निर्णय केलेला नाहीं, त्यांनीं आपल्या बालकाला घेऊन एक दिवस वर्गांत येऊन बसावें. मग जें योग्य वाटेल तें करावें. आम्ही रागावणार नाहीं.

जातां जातां एवढेंच. गेल्या आठवड्यांत मी त्या गृहस्थाकडे पुन्हां गेलें. या वेळीं मुलीच्या प्रवेशाचें बोललें नाहीं. ती आतां दुसरीकडे शिकते आहे आणि बरी शिकते आहे. मीं त्याला सांगितलें कीं, डिसेंबरांत माजी विद्यार्थ्यांचाहि एक प्रवेश आहे आणि त्यांत एक मेंढपाळ हवा आहे. वाक्य तेंच आहे. त्याची आई आतां थकली आहे, ती ओट्यावर बसून ऐकत होती. तो हंसला. हो म्हणाला नाहीं, नाहीं म्हणाला नाहीं. मला फाटकापर्यंत पोंचवावयास आला.

त्याचें वाक्य मजकडे राहिलेलें आहे. योबेलाच्या वर्षीं तें त्याला परत करावें, आणि पहिल्या रांगेंत त्याच्या आईसाठीं जागा राखावी, एवढी माझी इच्छा आहे. असें कोणाचें ना कोणाचें कांहीं तरी आपणां प्रत्येकापाशीं राहिलेलें असेल. तें शोधून काढण्याची व परत देण्याची बुद्धि परमेश्वर आपणांस देवो, आणि आपल्या आवारांतील दोन्ही घंटा पुढच्या पन्नास वर्षांतहि वाजत राहोत, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतें.